लाल चिंधीची पिशवी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे त्याच्याच वावरातली मेथी होती. रविवारची सकाळ. नगरला सावेडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी परात घेऊन बसले होते आणि मुळांना चिकटलेल्या मातीवरून नेहमीसारखी त्याला मनातल्या मनात बोलत होते, की एवढी माती धाडतोस, त्यापेक्षा एकदा वावरच धाड ना बाबा. फोनवर तात्याचा मुलगा, माझा भाचा संतोष होता. "आत्या, तात्या गेले," एवढंच म्हणाला. मी ती जुडी हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले... यजमानांनी येऊन हातातून फोन घेतला तेव्हा कुठं उठायचं सुचलं. तात्या माझा थोरला भाऊ. आता काही आठवडे उलटले, माणसं यायची थांबली, तरी रविवार उजाडला की माझे कान टेम्पोच्या हॉर्नकडे असतात.

आमचं गाव सुप्याच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून आत. तात्याचं वावर विहिरीखालचं, भाजीपाल्याचं. त्या भागात बऱ्याच घरांत एक रीत आहे, तिच्याबद्दल कोणी मुद्दाम बोलत नाही इतकी ती अंगवळणी पडलेली. विहिरीजवळचा लहानसा तुकडा 'घरचा' असतो आणि बाकीचं सगळं 'बाजाराचं'. घरच्या तुकड्यात शेणखत, चुलीची राख, गोठ्यातलं झाडलोटीचं जे असेल ते. तिथं औषधाचा पंप कधी जात नाही. बाजाराच्या वावरात मात्र पंप पाठीवरून उतरत नाही. तात्या काही जगावेगळा नव्हता. सदरा भिजेपर्यंत फवारायचा, तोंडाला फडकं बांधायचा नाही, आणि मी ओरडले की म्हणायचा, "आगं, मला काय व्हतंय? मी कुठं ती वांगी खातोय!" मीही हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

दर रविवारी नगरच्या मार्केटला जाणाऱ्या टेम्पोत तो माझ्यासाठी एक पिशवी टाकायचा. ड्रायव्हर ती आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ठेवून पुढं जायचा. पिशव्या सगळ्या सारख्याच, युरियाच्या रिकाम्या गोण्यांच्या शिवलेल्या. म्हणून घरच्या तुकड्यातल्या पिशवीच्या तोंडाला वहिनी आपल्या जुन्या लाल पातळाची चिंधी बांधायच्या. चिंधी असली की ती आपली, नसली की ती लोकांची. इतका साधा हिशोब होता आणि तो कित्येक वर्षं बिनबोभाट चालला.

मग एका रविवारी चिंधी चुकली. गाडी भरायच्या घाईत वहिनींनी ती भलत्याच पिशवीला बांधली. त्या वांग्यांचं भरीत करून आम्ही जेवलोसुद्धा, आणि दुपारी तात्याचा फोन. "शकू, पिशवी उघडली का? वांगी खाऊ नको. कालच मारलंय त्याच्यावर." मी म्हटलं, तात्या, भरीत कधीच संपलं. त्यानं फोन ठेवला. तासाभरात मोटारसायकल दारात उभी. घामानं डबडबलेला, चप्पलही न काढता आत आला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. मळमळतंय का, पोटात दुखतंय का, माझ्या लेकीच्या कपाळाला हात लाव, यजमानांना जीभ दाखवायला सांग... आम्हाला कोणालाच काही झालं नव्हतं. मी त्याला पाणी दिलं, वर चहा ठेवला आणि माझा स्वभावच फटकळ, बोलून गेले, "आम्ही खाल्ली म्हणून तू एवढा धावत आलास. त्याच तोडणीच्या बाकीच्या गोण्या गेल्या, त्यांच्या घरी कोण धावत जाणार?"

मला तेव्हा वाटलं नव्हतं की हे त्याला एवढं लागेल. त्यानं चहा अर्धा टाकला. दारात चप्पल शोधताना म्हणाला, "मला कधी सुचलंच न्हाई गं तसं." चप्पल पायातच होती.

त्यानंतरचा तात्या वेगळा. बाजाराचं वावर घरच्या तुकड्यासारखं करायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. पण माती काही माणसाचं मन वळल्याबरोबर वळत नाही. वर्षानुवर्षं नुसती युरियाची पोतीच रिचवलेली ती जमीन. पाणी दिलं की वर साचून राहायचं, वाळली की पांढरी खपली धरायची आणि ढेकूळ फोडायला कुदळ लागायची. बांधापलीकडे विहिरीजवळच्या तुकड्यात मात्र हात घातला की मनगटापर्यंत जायचा, गांडुळं वळवळायची. एकाच विहिरीचं पाणी, एकाच बापाची जमीन. तात्यानं ताग पेरला आणि फुलावर आला तसा नांगरून मातीत गाडला. धनगरांना बोलावून खतासाठी वावरात मेंढ्या बसवल्या. एका पिकाशेजारी दुसरं लावलं. पहिल्या हंगामात वांगी किडली, दुसऱ्यात थोडी कमी किडली. गावात चेष्टा झाली. वहिनी तर चिडून होत्या. मी गेले की मलाच ऐकवायच्या, "वन्सं, तुमी बोलून गेल्या नगरला, हितं निस्तरतीय मी. लोकांची लेकरं जगवायचा मक्ता आमीच घेतलाय का?" मला त्यांचा राग आला नाही. घर त्यांनाच चालवायचं होतं.

मी एकदा वावरात त्याला विचारलं, तुला कोणी बक्षीस देणार आहे का याचं? तेव्हा वाकून त्यानं एक ढेकूळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. "चुर बरं." मला चुरता येईना. "हेच्यात जीव न्हाई राहिला. हेच्यातनं यील त्या भाजीत कुठनं यायचा? आन् ती खाणाऱ्याच्या अंगाला काय लागायची? ज्या दिशी हे बोटानं चुरंल ना, त्या दिशी मी निवांत बसंन." तेव्हापासून मी गेले की आमचा हा खेळच झाला. गाडीतून उतरले की आधी ढेकूळ, मग चहा. ते दर खेपेला थोडं मऊ लागायचं. की मला तसं वाटायचं, कोण जाणे.

मग त्याचं किडनीचं दुखणं निघालं. कशानं झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि ज्याची खात्री नाही ते मीही इथं लिहिणार नाही. पण तो भिजलेला सदरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, हे खोटं कशाला सांगू? शेवटची भेट झाली ती घरीच, पडवीतल्या खाटेवर. पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. मला वाटलं आता काही निरवानिरवीचं बोलेल. तर म्हणे, "लई उशिरा सुरू केलं गं. आजून एक-दोन पावसाळे पायजे हुते त्या वावराला." मी म्हटलं, वावराला की तुला? तो हसला. वहिनी उंबऱ्यात पाठमोऱ्या बसून काहीतरी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

तो गेल्यावर मला खरी भीती तीच होती. संतोष सुप्याच्या कंपनीत, पाळीवर जाणारा. शेतीला त्याचा हात नाही. वहिनींचा राग मला ठाऊक. त्यांनी पंप पुन्हा काढला तर त्यांना दोष कुठल्या तोंडानं द्यायचा? आणि तरी मनातून वाटत होतं, माणूस गेला तो गेला, आता त्याचं वावरही आजारीच राहणार.

गेल्या रविवारी गिरणीवाल्यानं हाक मारली, पिशवी आलीय. मी धावत गेले. पिशवीच्या तोंडाला चिंधी नव्हती. सुतळीची गाठ, बाकी काही नाही. पिशवी उचलताना मनात आलं, बाजाराचा माल पाठवला, म्हणजे घरचा तुकडासुद्धा संपला... घरी येऊन मी तणतणतच फोन लावला. "वहिनी, चिंधी कुठंय?"

"कशाला बांधू?" त्या म्हणाल्या. "आता गाडीत जातंय ते समदं एकसारखंच हाय. हे सांगून गेल्ते, पंपाला हात लावू नको. न्हाई लावला." मग म्हणाल्या, "वांगी बारीक हायेत औंदा. चालवून घ्या, वन्सं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. ती घरच्या तुकड्यातली नव्हती, बाजाराच्या वावरातली होती, फोन ठेवता ठेवता वहिनींनीच सांगितलं होतं. मुळांना नेहमीसारखीच माती. त्यातलं एक ढेकूळ परातीत पडलं. मी ते उचललं आणि दोन बोटांत धरलं. अजिबात जोर लावला नाही, तरी चुरलं. कोणाला तरी दाखवावं म्हणून मी वर बघितलं.