बाबांसाठी मांडलेली फळी

सावंगीला आम्ही भाड्याच्या घरात राहतो. आजूबाजूला सगळी डॉक्टरकी शिकणारी पोरंपोरी. मी त्यांचे डबे करत असे. त्यातल्याच एका मुलीनं नाताळच्या आधी मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. लाकडी फळीवर मांसाचे पातळ काप, चीज, द्राक्षं, बिस्किटं, सगळं मिळून झाडाच्या आकारात मांडलेलं. त्याला चार्क्युटरी म्हणतात, असं ती म्हणाली.

"काकू, असं करून द्याल का? पण व्हेज हवं."

मी हो म्हणून बसले. मग दिवसभर विचार, की मांसाच्या जागी ठेवू काय. शेवटी सांबारवड्या केल्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. तो आत भरून तळलेल्या वडीचे काप केले की मधे हिरवं गोल दिसतं. काकडीच्या चकत्या, पनीर, संत्र्याच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे. झाड बऱ्यापैकी जमलं.

सांबार, काकड्या, गाजरं बाबांनी आणून दिली होती. केळझरच्या बाजूला आमचा भाजीचा मळा. बाबा मोटरसायकलला पोतं बांधून यायचे आणि माझ्याकडे चहा पिऊन परत जायचे. त्या दिवशी फळीसमोर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे जेवन हाय का रांगोळी?"

"जेवणच आहे बाबा. पार्टीत मधे ठेवतात, सगळे उचलून खातात."

"मंग मी कोनाची वाट पाहू?" असं म्हणून त्यांनी झाडाचा शेंडाच उचलून तोंडात टाकला. मी ओरडले. ते हसत हसत बाहेर पळाले.

त्यानंतर मला अशी कामं येतच गेली. संक्रांतीला पतंगाच्या आकाराची फळी, कोणाच्या डोहाळजेवणाला पाळण्याची, वाढदिवसाला मोटारीची. प्रत्येक वेळी पहिला घास बाबांचा. खाणं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद होता. लग्नात ते पंगतीत बसले की वाढणाऱ्यालाही हुरूप यायचा. भरीत करायचं तर वांगी ते स्वतः निवडायचे आणि चुलीजवळ बसून स्वतःच भाजायचे. आई म्हणायची, "या मानसाले देवानं पोट आधी देल्लं, बाकीचं मांगून."

पण त्यांना खर्राही लागायचा, सुपारी-तंबाखूला चुना लावून घोटलेला. सकाळी मळ्यात जाताना एक घोटायचे, दुपारी एक. आमच्या भागात तो कोणाला लागत नाही? आई चिडायची, मी चिडायचे, ते "सोडतो न" म्हणायचे.

एकदा मी त्यांच्यापुढे सांबारवडीचा काप धरला, तर त्यांनी तो हातात घेतला आणि चिमटीनं तोडून बारीक तुकडा ओठांतून आत सरकवला.

"असं काऊन खाऊन राह्यले तुमी?" मी विचारलं.

"काई नाई. दात दुखते."

"आ करा बरं."

त्यांनी तोंड उघडलं. माझी दोन बोटंसुद्धा आत गेली नसती. आई मागे उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, म्हणजे तिला हे आधीपासून माहीत होतं.

तपासण्या झाल्या. कॅन्सर गालात होता आणि जबड्यापर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, नाकातून नळी घातली. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, म्हणून आई-बाबा माझ्याकडेच राहायला आले. मला भाऊ नाही. तरी बाबांना संकोच वाटायचा. "पोरीच्या घरी किती दिवस रायनं," असं ते म्हणायचे. म्हणजे असं काहीतरी म्हणायचे. त्यांचे शब्द आता लाळेत बुडून यायचे. आईला ते लगेच कळायचे, मला थोड्या दिवसांनी कळायला लागले.

दुधात खिमट पातळ करून, गाळून, आई ते सिरिंजमधून नळीत सोडायची. पोट भरायचं, पण जिभेला काही लागायचं नाही. आणि त्याच घरात मी लोकांच्या पार्ट्यांसाठी सांबारवड्या तळत होते. काम बंद करते असं मी म्हटलं, तर नवऱ्यानं बाबांसमोरच विषय काढला. बाबांनी जोरात मान हलवली. बंद नाही करायचं. म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा फुल्ल करून तळायला लागले. फळी सजवायची तीही आतच, ओट्यावर.

एके दिवशी दारावर थाप पडली. बाबा उभे होते, एका हातानं नळी सांभाळत.

"दार काऊन लावतं?"

मी गॅस बारीक केला.

"वास तं येऊ दे, बाई."

मी तिथेच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग स्वतःच खुर्ची ओढून ओट्याजवळ बसले. त्यानंतर प्रत्येक फळी त्यांच्यासमोर मांडली गेली. गाजर कुठे ठेवू, संत्रं कुठे, ते बोटानं दाखवायचे. तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या दिवसासाठी, एका सोसायटीनं मुलांसाठी फळी सांगितली होती. तांदळाच्या उकडीचे बैल करायचे होते आणि माझे सगळे कुत्र्यासारखे दिसत होते. बाबांनी उकड हातात घेतली. वशिंड, वाकडी शिंगं, तिळाचे डोळे. एक-एक करत बैलांचं अख्खं खांड उभं केलं. त्या दिवशी ते खूश होते. आई त्यांचा हात धुऊन द्यायला आली, तेव्हा त्यांनी तो आधी नाकाजवळ नेऊन हुंगला.

दिवाळीच्या आसपास डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला बोलावून सांगितलं. आजार परत आला होता, आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही बाबांना काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एक फळी माह्यासाठी कर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"बाबा, पण..."

"खासाठी नाई. पाहासाठी. सगळ्याईले बलाव. तुमी खा, मी पायतो."

मी केली. त्यात ना द्राक्षं होती ना चीज. तळहाताएवढ्या ज्वारीच्या भाकरी, झुणका, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, पातोड्या, कांद्याची पात. भरीत मधोमध. वांगी मळ्यातून काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं आणली होती. आकार काय द्यायचा ते मला सुचेना. बाबांनीच हवेत बोट फिरवून दाखवलं, साधे वाफे. मग मी सगळं वाफ्यांसारखं ओळीनं लावलं, मधून पातीचे पाट काढले.

दुपारी सगळे जमिनीवर बसलो. काका, काकू, मी, नवरा, आई. बाबा पलंगावर उशीला टेकून. कोणाचाच हात पुढे होईना. बाबांनी काकांकडे बोट केलं. काकांनी भाकरी मोडली, भरीत घेतलं, खाल्लं.

"कसं हाय?"

"चांगलं हाय," काका म्हणाले.

"चांगलं म्हंजे? नीट सांग न!"

काका गोंधळले. घास गिळून म्हणाले, "धूर लागला हाय भाऊ, बराबर. लसूण जराकसा जास्त हाय. वांगं गोड हाय, आपल्या वरच्या वाफ्यातलं."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा गळा हलला, गिळल्यासारखा. मग त्यांनी एकेकाला विचारलं. ठेचा कसा, पातोडी मऊ आहे का, चटणीत तेल पडलं का. आम्ही सांगत गेलो. आई मात्र नुसती बसून होती. नळी घातल्यापासून ती त्यांच्यासमोर जेवलीच नव्हती. मागच्या दारी उभ्यानं काहीतरी पोटात ढकलायची.

"तू खाय," बाबा तिला म्हणाले.

"मले भूक नाई."

"खाय व."

"नाई म्हनलं न मी! तुमच्या मोऱ्हं मी घास कशी घालू तोंडात? मानूस हाव मी, दगड नाई!"

असं आवाज चढवून बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काकू उठायला लागल्या, बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग ते आईकडे बघत म्हणाले, आणि हे मलाही पहिल्या झटक्यात कळलं, "मी गेल्यावर बी असंच करशीन का? मले पाहू दे एक डाव, तू जेवतं ते."

आईनं भाकरीचा तुकडा घेतला. झुणक्यात बुडवला. चावत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. भाकर संपेपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले. मी केलेल्या सगळ्या फळ्यांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. त्या फळीचा काढायचं कोणालाच सुचलं नाही.

थंडी वाढता वाढता बाबा गेले. सकाळी, आई त्यांचं तोंड ओल्या कापडानं पुसत असताना.

तेरवीला गावच्या घरी त्यांच्या फोटोपुढे पान वाढलं. त्यांच्या आवडीचं सगळं ठेवायचं असतं. काकांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून पानाच्या कडेला ठेवली. रीत म्हणूनच ठेवली, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईनं ती पाहिली. ती उठली, पुडी उचलली आणि अंगणापलीकडे भिरकावली.

"यानंच नेलं त्याईले," ती म्हणाली. "आन् त्याईच्या पानावर ठेवतं?"

काका तिथेच भिंतीला धरून रडायला लागले. त्यांनी खर्रा सोडला की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी त्यांच्या तोंडात नसतो.

मळा आता काकाच वाहतात. आई माझ्याकडे असते. माझी कामं चालू आहेत, नाताळ जवळ आला की पोरीपोरांचे फोन सुरू होतात. फळी मांडायला घेतली की आई शेजारणीकडे जाऊन बसते, मीही तिला थांबवत नाही. मांडणं झालं की ती परत येते, हातपाय धुते, आणि आम्ही दोघी जेवायला बसतो. ती पोटभर जेवते. तिच्याकडे न बघता मी वाढत राहते.