भात शिजेपर्यंत चालणारा टीव्ही

घरातला टीव्ही बिघडला की माझी मुलं आजही मला त्याच्याजवळ फिरकू देत नाहीत. खरं तर टीव्ही दुरुस्तीचा पोस्टाने येणारा कोर्स मी पुरा केलाय, सर्टिफिकेट भिंतीवर लटकतंय. पण मुलांना करडी गावचा किस्सा माहीत आहे. तोही मीच सांगितलेला, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

भंडाऱ्याला आमचं रेडिओचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात बाबांनी खेडोपाडी ट्रान्झिस्टर विकले आणि पुढे टीव्हीचे दिवस आले तेव्हा एका कंपनीची एजन्सी घेतली. काळा-पांढरा सेट, लाकडी शटरचा. घराशेजारी उंच बांबू रोवून त्यावर अँटेना बांधायची, आणि मी खालून ओरडायचो, छपरावरचा माणूस बांबू फिरवायचा, तेव्हा कुठे मुंग्या हटून माणसं दिसायची.

एका खेपेला सहा सेट आले आणि पाच घरांतून एकच तक्रार आली. पाऊण तास सेट छान चालतो, मग चित्र वरून-खालून दबत जातं आणि मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरते. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा नीट. मी पार्ट बदलले, सोल्डरचे टाके नव्याने मारले. रेघ माझ्या कोर्सपेक्षा हुशार निघाली. बाबांनी पाचही घरी शब्द दिला की कंपनीकडून सेट बदलून आणीन, तोवर दुकानातून एकही टीव्ही विकणार नाही. आणि खरंच विकेनात. दिवाळी तशीच कोरडी गेली.

बाबा नागपूरला कंपनीच्या ऑफिसात खेटे घालायला गेले असताना दुकानात पत्र आलं. ग्राहकांचे मत जाणून घेण्यासाठी आमचे अधिकारी रविवारी येतील, त्यानुसार पुढील निर्णय घेण्यात येईल. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकच अर्थ लावला: ग्राहक वाईट बोलले की एजन्सी गेली. शनिवारी सकाळी सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि गावोगाव फिरून सगळ्यांना पढवून आलो. सेट उत्तम आहे म्हणा, बाबांची लाज तुमच्या हाती.

करडीला आमचे एक गिऱ्हाईक होते, प्राथमिक शाळेतले गुरुजी. ते काही केल्या तयार होईनात.

"मले खोटं बोलता येत नाही बाबू," ते म्हणाले. "पोरायले रोज मीच सांगतो, खोटं बोलू नोका."

मी जवळजवळ पाया पडलो. बाबांच्या नावावर शेवटी त्यांनी शब्द दिला. गुरुजींच्या घरच्या बाई आत भात पसवत, म्हणजे त्याची पेज निथळत होत्या. त्यांना काही सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. निघताना आणखी एक हुशारी केली: घरातला टेबलफॅन सेटच्या पाठीमागे मांडला, थेट त्याच्या पाठीवर वारा लागेल असा, आणि गुरुजींना बजावलं की उद्या सेट लावण्याआधी तो सुरू करायचा आणि काही झालं तरी हलवायचा नाही.

रविवारी मी आधीच करडीत जाऊन थांबलो. जीप आली. बाबा आणि कंपनीचे साहेब उतरले. साहेब पायातले बूट काढत होते तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी आले.

"बरं झालं तू इथंच आहेस. गुरुजीले सांग, सारं खरं बोला. गिऱ्हाइकानं तक्रार सांगितली तरच सेट बदलून भेटतील. नाही तर आज फाईल बंद."

गुरुजींना खूण करायला गेलो, तर ते आधीच साहेबांसमोर ताठ बसले होते, वर्गात तपासणीला साहेब आल्यासारखे.

"काय मत आहे सेटबद्दल?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम," गुरुजी म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मला अजून आठवतं. सेट सुरूच होता, रविवारचा सकाळचा कार्यक्रम लागला होता, चित्र स्वच्छ. काही तक्रार? नाही. रेघ वगैरे? नाही. साहेब लिहीत गेले. दाराशी गावातली दहा-बारा माणसं उभी होती, त्यांनीही माना हलवल्या. मी सगळ्यांच्या भल्यासाठी केलेलं काम अगदी चोख उतरत होतं. आता सही राहिली होती. साहेबांनी कागद गुरुजींपुढे सरकवला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ते खोटं बोलून राहिले. मीच काल शिकवलं."

बाबा जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं की कागदावर मत गिऱ्हाइकाचं लिहायचं की दुकानदाराच्या मुलाचं. मग ते गुरुजींकडे वळले. गुरुजींच्या कपाळावर घाम होता.

"मी शब्द देला आहे," ते हळू म्हणाले. "सेट उत्तम आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"शब्द यायनं देला. मले तं कोनी विचारलंच नाही."

"विचारतो ना," साहेब म्हणाले. "तुमचं काय मत?"

"भाताचा गंज चुलीवर ठेवला का मी टीव्ही लावाले सांगतो. भात पसवून झाला का रेघ येते. रोजचंच आहे ते. पाहा वाटलं तर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाले, ठेवा भात.

असं वाट बघणं मी पुन्हा कधी अनुभवलं नाही. टीव्हीच्या दुकानदाराने आपलाच टीव्ही बिघडावा म्हणून डोळे लावून बसायचं. आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग चुलीत फुंकर, मग झाकण खडखडू लागलं. साहेब घामाघूम झाले होते. पंखा जरा इकडे वळवा म्हणाले, पण गुरुजी जागचे हलले नाहीत. तेही मी पढवलेलंच होतं. बाईंनी भात पसवला. पेजेचा वास ओसरीपर्यंत आला. चित्र ठणठणीत. साहेबांनी चुळबुळ केली आणि मला दुसऱ्यांदा तोंड उघडावं लागलं.

"साहेब, तो पंखा सेटसाठी आहे. मीच लावला."

मी खोटं कबूल केल्यापासून बाबा माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. "आणखी काही लावलं आहे काय?"

पंखा बंद केला. शिजलेल्या भातावरून पाहुण्याला उठवायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून साहेबांना ताट वाढलं. वरण कालवून त्यांनी दुसरा घास उचलला आणि चित्रातल्या बाईचं डोकं चपटं झालं. मग खांदे. मग नुसती रेघ. दाराशी कोणीतरी लांब श्वास सोडला, बहुतेक बाबांनीच. साहेबांनी घास खाल्ला, हात धुतले आणि कागदावर जुनं खोडून नवं लिहिलं. सही बाईंची घेतली. त्यांनी एकेक अक्षर जोडत ती केली, आणि गुरुजी शेजारी उभे राहून काना-मात्रा तपासत होते.

बाबांनी मला जीपमध्ये मागे बसवलं. प्रत्येक घरी आधी मी उतरून सांगायचं, की काल शिकवलं ते चूक होतं. चार घरं तशी झाली. शेवटचं लाखनीचं, जिथून कधी तक्रारच आली नव्हती. तिथले आजोबा म्हणाले, सेट झकास आहे. साहेब आता कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांनी सेट लावायला सांगितला. त्या वेळी कार्यक्रम नव्हता, पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"मुंग्या पाहाले वीज कायले जाळता?" आजोबा सारखे म्हणत. ते रोज बातम्यांपुरता टीव्ही लावत आणि बातम्या संपल्या की बंद करत. पाऊण तासाने मुंग्या गोळा होऊन त्यांची रेघ झाली. आजोबा चवताळले. इतके दिवस नीट होता, तुम्ही टक लावून बसले म्हणून बिघडला, असं त्यांचं मत पडलं, आणि साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

काही महिन्यांनी कंपनीने सहाही सेटच्या बदली नवे पाठवले. बाबांनी पुन्हा टीव्ही विकायला घेतले. आजोबांनी मात्र जुना सेट परत करायला साफ नकार दिला. बातम्यांपुरता तो पुढेही कितीतरी वर्षं झकास चालला, आणि मी त्यांच्या घरासमोरून गेलो की ते उठून आधी त्याचं शटर लावून घेत.