बायकोने हरलेले डाव

माझ्या बायकोने मला आठवडाभर फसवलं, तेही माझ्याच घरात. कॅरमच्या पावडरीचा वास आला की ते अजून झोंबतं. कळंबोलीचं लोखंडाचं दुकान बंद ठेवून मी तापाने नेरुळच्या घरी पडून होतो. मोबाइलवरच्या मालिका पाहून झाल्या, पेपरातलं शब्दकोडं डोक्यात शिरेना, म्हणून तिने माळ्यावरचा कॅरम काढला. रोज मीच जिंकायचो आणि वर डिवचायचो, "तुला साधी सोंगटी घालता येत नाही!" ती हसून पेजेची वाटी पुढे करायची. शनिवारी सारसोळ्याहून तिचा भाऊ मला बघायला आला. त्याच्याशी खेळताना तिने राणीसकट सगळ्या सोंगट्या एका दमात घेतल्या. तो म्हणाला, "दाजी, लग्नाआधी गावात हिच्यासमोर बसायला कोन तयार नव्हता. तुमाला म्हाईत नाय?" इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी विचारलंच नव्हतं. लाजेने कान तापले, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बाजारात घासाघीस केल्याशिवाय मी कुणाची सूट घेत नाही. मग मी न मागता ती रोज का हरत राहिली? विचारलं की अजून नुसती हसते. हसून चालणार नाही, तिने मला उत्तर द्यायलाच हवं.