दोघींची खोली

गल्लीत तिला सगळे कडकबाई म्हणत. एक तर तिची इस्त्री कडक आणि दुसरं म्हणजे तिचा स्वभाव. लाँड्रीत दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. नवरा गेल्यावर काही वर्षांनी तिने ठरवलं, एकदा कुठल्यातरी बेटावर जायचं आणि आठवडाभर नुसतं लोळायचं.

प्रवास कंपनीतल्या माणसाने तीन रिसॉर्टची रंगीत पत्रकं पुढे ठेवली. "सगळं यातच, काकू. जेवण, मालिश, बोटीतली फेरी."

"एकटीला काय पडेल?"

"खोली दोघांचीच असते. पैसेही दोघांचेच."

"म्हणजे जो आलाच नाही त्याच्या जेवणाचे मी द्यायचे?"

माणूस म्हणाला, तसंच काहीसं.

फुकट घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. शेजारीण गुडघ्यांनी बेजार होती. राहता राहिली नणंद. सासूच्या शिलाई मशीनवरून दोघींचा अबोला होता. मशीन नणंदेने नेलं होतं आणि नणंदेला तर शिवताही येत नव्हतं.

कडकबाई पत्रकं घेऊन तिच्या दारात उभी राहिली. "वन्सं, बेटावर येता का?"

नणंदेने चष्मा लावून पत्रकं पाहिली. "आत तरी या."

मग रोज संध्याकाळी खल सुरू झाला. पहिल्या रिसॉर्टमध्ये खाण्याची चंगळ, पण समुद्र लांब. दुसऱ्यात समुद्र खिडकीखाली, पण मालिशचे पैसे वेगळे. तिसऱ्यात सगळंच आलं, मात्र जागा फक्त जोडप्यांसाठी.

"मग आपण काय कमी आहोत?" नणंद म्हणाली. "जोडपी भांडतात तेवढं भांडतोच की."

शेवटी खिडकीखालचा समुद्र ठरला. मालिशवर पाणी सोडलं.

बेटावर कडकबाईला लोळणं काही जमेना. कंटाळून ती समुद्रात शिरली आणि छातीभर पाण्यात जाऊन उभी राहिली. एक मोठी लाट डोक्यावरून गेली. तेवढ्यात किनाऱ्यावरून "वहिनी!" अशी किंकाळी आली आणि नणंद चपलांसकट पाण्यात धावली. जीवरक्षकाने तिलाच बाहेर काढलं. कडकबाई मागून चालत आली.

"पोहता येतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आत कशाला आलात?"

"सुचलं नाही काही." नणंद धापा टाकत होती.

त्यानंतर दोघी पाण्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसू लागल्या, पाय ओले होतील इतपतच.

"आमचा दादाही पाण्याला घाबरायचा," एकदा नणंद म्हणाली. "लहानपणी हौदात पडला होता."

उभा संसार नवरा कडकबाईला म्हणत आला होता, समुद्रावर नको, घरभर वाळू होते.

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्ही हसला असतात."

कडकबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "हसले असते," ती म्हणाली.