ताटमास्तर आणि ताईची जर्बिलं

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्याला सगळे ताटमास्तर म्हणत. पगारपत्रकावर त्याच्या हुद्द्याला चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नसे. काम मात्र सोपं होतं. वॉर्डात गेलेलं ताट परत आलं की त्यात काय उरलंय ते बघायचं आणि वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा: पूर्ण, अर्धं किंवा परत. तीस वर्षं तो हेच करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. भात एका कडेला सारलेला दिसला की तो म्हणे, हा माणूस जेवला नाही, नुसता चमच्याशी खेळला. भाजीतले गाजराचे तुकडे तेवढे उरले की म्हणे, दात दुखत असेल, बघा. डॉक्टर बघायला जात आणि खरंच दात दुखत असे. "माणूस खोटं बोलतो, ताट बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वयंपाकीणबाई ते ऐकून ऐकून इतकी विटली होती, की त्याने 'माणूस' म्हटलं की उरलेलं तीच पुरं करी.

अशा माणसावर ताईने आपली दोन जर्बिलं सोपवली आणि ती निर्धास्त झाली, यात नवल नाही.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. शाळेने प्राण्यांचा कोपरा बंद केला तेव्हा उरलेली दोन जर्बिलं तिने जेवणाच्या पिशवीतून घरी आणली आणि स्वयंपाकघरात काचेच्या पेटीत ठेवली. उंदराच्या जातीची, मऊ तपकिरी अंगाची, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेली, मागच्या पायांवर उभी राहून आल्यागेल्याकडे टकमक बघणारी. तो त्यांना उंदीर म्हणे आणि ताईची बोलणी खाई. तिने त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर दिवसभर ती बोले ती या दोघींशी. मग एक दिवस जिन्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडून ती त्याच्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात येऊन पडली.

शस्त्रक्रियेला नेताना तिने त्याच्या हातात घराची किल्ली दिली. "पेटीवर ऊन येऊ देऊ नकोस. आणि पेटी जागची हलवू नकोस, घाबरतात त्या."

"आणि खायला?"

"ते मी तुला सांगू?" कळवळतानाही तिला हसू आलं. "ताटमास्तर ना तू?"

त्यानेही पुढे काही विचारलं नाही. खाण्याबाबत कोणाला काही विचारायची सवयच मोडली होती त्याची.

त्याने काम मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. धान्याच्या पाकिटावरच्या सूचना वाचल्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि ताईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर हातभर तक्ता चिकटवला. ओट, जव, गहू, बाजरी यांचं मिश्रण, एकीला दिवसाला दहा ग्रॅम: पाच सकाळी, पाच संध्याकाळी. सूर्यफुलाच्या बिया आठवड्यातून दोनदाच आणि त्याही मोजून दोन, कारण त्यात तेल फार आणि या बया बाकी सगळं सोडून त्याच निवडून खातात. गाजराचा नखाएवढा तुकडा. कांदा, लसूण, लिंबू, संत्रं, चॉकलेट, खारट काहीही बंद. पाण्याची बाटली रोज धुवायची. कुरतडायला पुठ्ठ्याच्या नळ्या. आणि दोघींना दोन वेगळ्या वाट्या, पेटीच्या दोन कोपऱ्यांत. वॉर्डात दोन खाटांना दोन ताटं जातात, तसंच.

सकाळी सहाला तो ताईचे तीन जिने चढे, वाट्या भरी आणि कामावर जाई. संध्याकाळी परत येई तेव्हा दोन्ही वाट्या चाटूनपुसून लख्ख. तो खिशातल्या छोट्या वहीत लिही: थोरली पूर्ण, धाकटी पूर्ण.

दुपारी तो वॉर्डात डोकावला की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला. "खातात ना रे?"

"एक दाणा उरत नाही."

"मग झालं." आणि ती मान उशीवर टाके.

पहिल्याच दिवशी त्याने दोघींना कपात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं होतं. थोरली एकाहत्तर ग्रॅम, धाकटी चौऱ्याहत्तर. सहाव्या दिवशी पुन्हा तोललं. धाकटी अठ्ठ्याहत्तर. थोरली सहासष्ट. त्याने कप पुसला, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. सहासष्टच. काट्यात खोट असेल म्हणून त्याने वजन माहीत असलेली साबणाची कोरी वडी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता.

ताटं पूर्ण आणि वजन उतरतंय, ही गोष्ट वॉर्डात फार वाईट समजली जाते. आत काहीतरी मोठं बिघडलेलं असतं तेव्हाच असं होतं. त्याने सकाळसंध्याकाळ एकेक ग्रॅम वाढवला. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर पांढरा भाग घातला. वाट्या लख्ख. अकराव्या दिवशी थोरली एकसष्ट भरली. धाकटी तेवढी टम्म फुगत चालली होती आणि काचेशी येऊन त्याच्याकडे अशा हक्काने बघे, की त्याला तिचा राग येऊ लागला.

थोरली आता कोपऱ्यात पोक काढून बसू लागली होती. अंगावरचे केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. तो वाटी तिच्या नाकापुढे सरकवी. ती हुंगे, एखादा दाणा पुढच्या पायांत धरे, आणि धाकटी जवळ आली की सोडून बाजूला होई. आजारी जीवाला अन्नावरची वासना नसते, असं त्याने मनाशी ठरवलं. पण मग वाटी रिकामी का होते, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. वाटी रिकामी म्हणजे जेवण झालं. तीस वर्षांत याचा दुसरा अर्थ त्याला कधी भेटलाच नव्हता.

त्याचं कामात लक्ष लागेना. एकदा त्याने हात न लावलेल्या ताटापुढे 'पूर्ण' लिहिलं. स्वयंपाकीणबाईने वही त्याच्यापुढे सरकवली. "मास्तर, हा पेशंट कालपासून शुद्धीवर नाही. भूत जेवलं का?" सगळे हसले. त्याने मुकाट्याने खोडलं.

वर वॉर्डात वेगळंच चाललं होतं. व्यायाम करून घेणारी बाई ताईला वॉकर धरून उभी करी आणि ताई दात आवळून उभी राही. "घरी दोघीजणी वाट बघताहेत माझी," असं ती त्या बाईला सांगे आणि आणखी एक पाऊल टाकी. ते बघून त्याला धाकच वाटे. थोरली गेली तर हिला काय सांगायचं? आणि सांगितल्यावर ही पुन्हा उभी राहील का? शेजारच्या खाटेवरची म्हातारी मनाने खचली तशी महिनाभरात अंथरुणाला खिळली होती. तो रोज ठरवी, आज खरं सांगायचं. ताई विचारी, "खातात ना?" आणि त्याच्या तोंडून निघे, "एक दाणा उरत नाही." हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त टोचत होतं.

विसाव्या दिवशी थोरली सत्तावन्न भरली. तिला कपात उचलताना बोटांना फासळ्या लागल्या. तो तिला बुटाच्या खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर बाईंनी दात बघितले, पोट चाचपलं, भिंग लावून केस बघितले.

"आजार तर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हिला खायला मिळतंय का?"

त्याला संताप आला. "बाई, मी तीस वर्षं लोकांची ताटं बघतो. हिची वाटी मी स्वतः बघतो, दिवसातून दोनदा."

"वाटी बघता. हिला खाताना बघितलंत?"

त्याने बघितलं नव्हतं. वॉर्डात माणूस जेवतो तेव्हा ताटमास्तर खाली स्वयंपाकघरात असतो. त्याच्याकडे फक्त ताट येतं.

कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ताईच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून पेटीपुढे बसला आणि भरदुपारी दोन्ही वाट्या भरल्या. मिनिटभरात धाकटी आली. आपल्या वाटीतले दाणे तोंडात भरून ती नळीमागे गेली, परत आली, पुन्हा भरून गेली. वाटी संपली तशी ती सरळ थोरलीच्या वाटीकडे वळली. थोरली तिथे होती. भांडली नाही, चावली नाही. नुसती सरकली आणि भिंतीला टेकून बसली. दहा मिनिटांत दुसरी वाटीही लख्ख झाली, आणि थोरलीच्या पोटात मोजून दोन दाणे गेले होते. ते त्याने मोजले.

त्याने बाह्या वर केल्या आणि नळीमागचा भुसा उकरला. खाली ओंजळभर धान्य निघालं, मग आणखी एक ओंजळ. वाळलेलं गाजर, कडक झालेलं अंडं, तीन आठवड्यांच्या सूर्यफुलाच्या बिया. त्याने वाढवून दिलेला प्रत्येक ग्रॅम तिथे पुरलेला होता, आणि त्यावर धाकटी घर करून राहत होती. तो फरशीवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. उपाशी मारत होतो मी तिला, त्याच्या मनात आलं, आणि वहीत पूर्ण लिहीत होतो.

तसाच तो रुग्णालयात गेला. ताई वॉकरजवळच्या खुर्चीत बसली होती.

"ताई, थोरली वाळलीय. चौदा ग्रॅम उतरली."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "आणि आज सांगतोस?"

त्याने सगळं सांगितलं, अगदी वहीसुद्धा दाखवली. ऐकता ऐकता ती खुर्चीत पुढे सरकली. "वाटीत घालत होतास? अरे, वाटी कसली देतोस त्यांना! पेटीभर उधळायचं, भुशात, थोडं इकडे, थोडं तिकडे. म्हणजे शोधत फिरतात. एकीला सगळं उचलून नेता येत नाही. एवढं तुला..." ती थांबली. "मला वाटलं, तुला माहीत असणार."

"मला वाटलं, मला माहीत आहे."

त्याने वही खिशात घातली. मग त्याला राहवेना. "पण ताई, वाटी तिची, धान्य तिचं. ती भांडत का नाही? धाकटी आली की नुसती बाजूला होते."

"होते," ताई म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "तिला वाटत असेल, लहान आहे, खाऊ दे. मी मागून जेवेन."

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. त्याला मात्र बसल्या जागी लहानपणचं स्वयंपाकघर दिसलं. आई कामावरून उशिरा येई. ताई त्याला वाढी, त्याचं ताट पुन्हा पुन्हा भरी आणि तो विचारी, तू? ती म्हणे, माझं मघाशीच झालं. सिंकमध्ये तिचं ताट धुऊन उपडं घातलेलं असे. धुतलेलं ताट बघून त्याची खात्री पटे.

"ताई," तो म्हणाला, "तुझं कधीच झालेलं नसायचं ना?"

"काय कधीच?"

ताईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग चिडल्यासारखी म्हणाली, "जा आधी. धान्य उधळ जाऊन. इथे माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

तो गेला. वाट्या उचलून बाजूला ठेवल्या आणि मूठ मूठ धान्य पेटीभर पेरलं. धाकटी गोंधळली, चार कोपरे धुंडाळत सुटली. थोरलीला बसल्या जागेपासून दोन बोटांवर गव्हाचा दाणा सापडला. तिने तो धरला, सोलला, खाल्ला. मग दुसरा. तो हलला नाही. पंधरा दाणे होईपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अठ्ठावन्न भरली. एक ग्रॅम. एका ग्रॅमवर काही ठरत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी तिसऱ्या मजल्याची ताटं निघाली तेव्हा ताईचं ताट त्याने स्वतः उचललं. स्वयंपाकीणबाई बघतच राहिली. वर जाऊन त्याने ते ताईपुढे ठेवलं आणि खाटेच्या कडेला बसला.

"एक ग्रॅम वाढली," तो म्हणाला.

"बरं झालं." ताईने चमचा घेतला. "आता जा कामाला. ताट येईलच की तुझ्याकडे खाली."

"येऊ दे," तो म्हणाला. "तू जेव. मी बसतो."