गुलमोहरावरचे काका

इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, आमच्या शेजारच्या काकांच्या खिशाला टेस्टर असायचा. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर स्विचबोर्डाकडे जायची. एखादं बटण जरा सैल दिसलं की टेस्टर हातात आलाच. घरातलं कुणी संकोचून म्हणायचं, "राहू द्या ना काका, मिस्त्रीला सांगितलंय." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं.

"आपल्या घरात बाहेरचा माणूस कावून?"

हे 'आपलं घर' म्हणजे आमच्या हुडको कॉलनीतलं कुठलंही घर.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. नसेल तर तुमचे नळ माझ्या नळांपेक्षा सुखात आहेत. काकांनी दुरुस्त केलेली वस्तू बंद कधीच पडायची नाही, पण पुढे आपल्या मर्जीने चालायची. माझ्या स्वयंपाकघरातला नळ त्यांनी बसवल्यापासून उलटा फिरतो. बंद करायला जावं तर धो-धो सुटतो. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी नळाची सूचना मिळते. एकदा त्यांनी स्वतःच्या दारावरच्या घंटीची वायर बदलली, आणि तेव्हापासून त्यांचं बटण दाबलं की घंटी आमच्या घरात वाजू लागली. मी हातातलं काम टाकून भिंतीवरून ओरडायची, "काकू, तुमच्याकडे कुणीतरी आलंय!" तक्रार केली तर काका शांतपणे म्हणाले, "वाजते ना? मंग?"

काका भंडाऱ्याकडचे. तरुणपणी भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलला फिटर म्हणून लागले. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलगी तिथेच शिकली, आणि निवृत्तीनंतर हुडकोत आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं. सकाळी भिंतीपलीकडून "जय भीम, मास्तरीन!" असा खणखणीत आवाज आला की मला शाळेला निघायची वेळ झाल्याचं कळायचं. मी सेक्टर सहामधल्याच एका शाळेत शिकवते, पण शिक्षिका, मॅडम वगैरे शब्द काकांनी माझ्यावर कधी वाया घालवले नाहीत.

मिलमधली शिस्त त्यांनी घरीही आणली होती. तिथे मशीनवर माणूस काम करत असला की स्विचला पाटी लावतात, 'आदमी काम पर है'. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे, माणसांचे जीव वाचतात त्याने. काकांनी तशीच एक पाटी घरी रंगवून ठेवली होती. एका मे महिन्यात त्यांनी मेन स्विच पाडला, वर पाटी लटकवली, कूलरचा पंखा उघडला आणि वॉशर आणायला म्हणून सुपेल्याच्या बाजारात निघून गेले. तिथे मिलमधले जुने सोबती भेटले. इकडे काकू घामाने भिजून माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी म्हटलं, "काकू, पाटी काढा आणि स्विच चालू करा ना."

"नाई बाप्पा! ज्यानं लावली त्यानंच काढाव लागते. पाटी म्हणते माणूस कामावर हाय. माणूस तिकडं चहा पिऊन राहिला असन."

काकू अशाच होत्या. नवऱ्याला हसायच्या, पण त्याची पाटी काढायच्या नाहीत. म्हणूनच त्या गुलमोहराच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा प्रकरण साधं नाही हे मला कळलं.

गुलमोहर त्यांच्या परसात होता, घर घेतलं तेव्हापासूनच. चांगला थोराड, आणि मागच्या खोलीवर ओणवा झालेला. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वादळ आलं आणि त्याची मांडीएवढी जाड फांदी धुण्याच्या दगडावर आदळली. दगड दुभंगला. सकाळी काकूंनी मला बोलावून बुंधा दाखवला. एका बाजूची माती फुगून तडकली होती आणि मुळाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून यायची होती, आणि कूलर त्या मागच्याच खोलीत होता.

"पोरगी इथं निजन, लेकरू इथं निजन," काकू हळूच म्हणाल्या. "मले झोप येईन काय सांग? तुमच्या शाळेतलं झाड ज्यायनं काढलं, त्यायले बोलाव तू. यायले मी पायतो."

आमच्या शाळेतलं वाळलेलं झाड ज्या लोकांनी काढलं होतं, त्यांना मी फोन केला. त्यांचा प्रमुख येऊन पाहून गेला. दुर्गजवळच्या खेड्यातला, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहिला, वरची विजेची तार पाहिली, मागची गल्ली पायाने मापली. निगमाची म्हणजे पालिकेची परवानगी काढावी लागेल, लाइन बंद ठेवावी लागेल आणि गल्लीतून माणूस उभा राहील अशा पाळण्याची क्रेन लावावी लागेल, असं त्याने सांगितलं.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. "झाड कापाले क्रेन?" ते म्हणाले. "आमी मिलमधी अख्खा गिअरबॉक्स चेनब्लॉकनं उचलत होतो. दोन फांद्या तासल्या का भार कमी होते. विषय खतम."

प्रमुख नुसता हसला आणि परवानगी आली की येतो म्हणून गेला. काका मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनात. सकाळचा जय भीमसुद्धा बंद. परवानगी आली, दिवस ठरला, आणि आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून करवतीला कानस घासल्याचा आवाज येऊ लागला. मला वाटलं, रागाने घासत असतील.

सकाळी आमच्या घरातली घंटी कर्कश वाजली आणि वाजतच राहिली. मी धावत गेले तर काकू त्यांच्या दारातलं बटण दाबून उभ्या. "चढले वो ते! चाल लवकर!"

परसात शिडी लावलेली होती. काका पहिल्या बेचक्यात बसले होते, छपराच्याही वर. करवत खाली गवतात पडली होती. तार पलीकडच्या बाजूला होती हे नशीब.

"काका, उतरा खाली!" मी वर्गातल्या आवाजात ओरडले.

"मी निरीक्षण करून राहिलो," वरून उत्तर आलं. "घाई कावून करता?"

निरीक्षण चालूच राहिलं. शिडी जागच्या जागी होती, हात लांब केला तर लागेल एवढी. काका तिच्याकडे पाहायचे आणि पुन्हा फांदी घट्ट धरायचे. काकूंनी आधी रागावून पाहिलं, मग विनवून पाहिलं, शेवटी करवत वर ओढायला काकांनी नेलेली दोरी लोंबत होती तिला चहाची किटली बांधून वर पाठवली. आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी चहा कशाला? पण चाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला नवऱ्यासाठी जे करता येतं ते ती करते. काकांनी चहा प्यायला आणि किटली खाली सोडली. फांदीवरचा हात काढायला नको म्हणून दोरी त्यांनी दातांत धरून सोडली. मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीत क्रेन आली. हेल्मेट घातलेली माणसं उतरली, कुणी परसाभोवती दोरी बांधू लागलं. प्रमुखाने वर पाहिलं. मला वाटलं, आता हा रागावणार किंवा हसणार, आणि दोन्हींपैकी काहीही झालं असतं तर काका जन्मात खाली आले नसते. तो बुंध्यापासून लांब उभा राहिला आणि तिथून कसं दिसतंय असं आदराने आपल्या छत्तीसगढीत विचारलं, "कका, उहां ले कइसे दिखत हे?"

काकांचा चेहरा जरा सैल झाला. "अंदर से पोला लगता है. ठोका तो भद-भद बजा."

"बने देखे कका. अब हिलना मत. ये रुख म हमन नइ चढ़न."

बरोबर पाहिलंत काका, पण या झाडावर आम्ही चढत नाही. ज्यांचा धंदाच झाडं उतरवायचा, कमरेला पट्टे, डोक्यावर हेल्मेट, ते म्हणत होते की आम्ही चढत नाही. काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. वर काकांनी मान वळवून आपण बसलो होतो त्या बेचक्याकडे पाहिलं, मग खोलीच्या छपराकडे पाहिलं. मग मला हाक मारली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"मास्तरीन, त्याले सांग. माहा गुडघा धरला हाय. मले उतरता येऊन नाई राहिलं."

सगळ्या हुडकोचे पंखे, नळ, कड्याकोयंडे ज्याने न मागता उतरवले आणि चढवले, त्या माणसाच्या तोंडून मी ही मागणी ऐकली. मला त्यांची इतकी माया आली की मी प्रमुखाला नीट हिंदीत सांगूही शकले नाही. पण त्याला कळलं होतं. तो पाळण्यात चढला, क्रेन हळूहळू वर गेली, त्याने काकांच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्यांना काखेत धरून अलगद आत ओढून घेतलं. मीना बाजारातल्या पाळण्यातून पोरं उतरतात तसे काका खाली आले, दोन्ही हातांनी कठडा धरून. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि पाठ फिरवून पदराने डोळे पुसले.

मग काकांना दोरीच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. झाड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यांनी उतरू लागलं. प्रत्येक तुकडा दोरीला बांधलेला, छपराचं एक कौलही हललं नाही. सगळ्यात शेवटी ते बेचकं खाली आलं. प्रमुखाने त्यात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला, आणि बाहेर आली ती मूठभर वाळवी आणि ओली माती.

काका खुर्चीतून उठले, दोरीपाशी आले आणि पाहत राहिले. मग मला म्हणाले, "मी याच्यावर बसून चहा पेलो."

मुलगी आली, तिला मुलगी झाली, आणि दोघी मागच्या खोलीत निवांत झोपल्या. नातीची बाज काकांनी स्वतः ठोकली. ती एका बाजूला कलायची, पण ते सोडा.

झाडांच्या बाबतीत मात्र काका पार बदलले. हुडकोत कुठे एखादं झाड कललेलं दिसलं की हे त्या घरी हजर. टेस्टर खिशातच राहायचा. पुढे करायचे ते त्या प्रमुखाचा फोन नंबर. घरमालक म्हणाला की आमचा गडी चढेल की, तर काका गोष्ट सुरू करायचे. "आमच्या इकडं एक येडा होता. म्हातारा, गुडघ्यात दम नाई, अन् चढला पोकळ झाडावर. त्याच्या बायकोचे हाल पाहाले पाहिजे होते तुमी." येडा कोण हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने विचारायचो, "मग काय झालं काका त्याचं?"

"वाचला. लोक चांगले भेटले त्याले."

एका हिवाळ्यात सकाळी आमची घंटी पुन्हा तशीच वाजत राहिली. काकांच्या छातीत दुखत होतं, श्वास लागत होता. रुग्णवाहिका आली, दोन तरुण स्ट्रेचर घेऊन मागच्या खोलीत गेले. काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या, "आता हे उठून चालाले लागन. त्यायले स्ट्रेचर कसं धराचं तेही शिकवन." मलाही तीच भीती होती. डॉक्टरने फोनवर बजावलं होतं, त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका.

काका खाटेवर उठून बसले होते. त्यांनी स्ट्रेचरचे पट्टे पाहिले, त्या दोघांना पाहिलं.

"बताओ भैया," ते म्हणाले, "मैं क्या करूँ?"

"कुछ नहीं अंकल. बस ढीले पड़े रहो. बाकी हम कर लेंगे."

काका आडवे झाले आणि त्यांनी हात सैल सोडले. दाराची चौकट अरुंद होती, त्या दोघांना स्ट्रेचर तिरपं करावं लागलं, एकदा तर भिंतीला घासलं. काकांचे हात तसेच सैल राहिले. फाटकाशी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. ते परत आले नाहीत.