बापूमामा आणि मामीचा एसी

मेकॅनिककडे निघायचं झालं की बापूमामा आधी पिकअप धुवायचे. बॉनेट उघडून, शेतातल्या मोटारीचा पाइप आत सोडून, सगळं लख्ख. "दुसऱ्याच्या दारात मळकी गाडी न्यावी? बरं दिसते का?" म्हणायचे. साखरा गावचे हे माझे थोरले मामा. हळद पिकवायची, पोती स्वतःच हिंगोलीच्या मार्केटला न्यायची आणि वाटेत कुणीतरी चुकलं की त्याच्यावर भडकायचं, असा माणूस.

त्या जुन्या पिकअपचा एसी त्यांना हवा होता तो मामीसाठी. तिच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेड. उन्हाळ्यात काचा उघडल्या की झळा, लावल्या की जीव गुदमरायचा, आणि तिला तर पोटभर पाणी प्यायचीही बंदी! परतताना ती निपचित पडायची. मामांच्या या एसीच्या हट्टावर लोक हसायचे. परके नव्हेत, आमचेच. धाकटे मामा टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, पिकअपमधी एसी? वहिनी काय कलेक्टरीण हाय?"

"तू एकदा तिच्या जागी बसून ये," बापूमामा कडाडले. "काहून दात काढून राहिला?"

पण एसी टिकेना. गॅस भरला की काही दिवस गार, मग पुन्हा फुस्स. हिंगोलीचे मेकॅनिक सलीमभाई साबणाचा फेस लावून गळती शोधायचे, सापडायची नाही, पुन्हा गॅस भरायचे. मामा तिथंच तणतणायचे, "फुटक्या माठात पाणी भरून राहिले तुमी! आधी भोक शोधा ना!"

एका वैशाखात, एसी असाच बंद असताना, नांदेडहून परतीच्या वाटेवर मामीची शुद्धच हरपली. मामांनी गाडी थेट, जवळच असलेल्या सलीमभाईंच्या शेडकडे वळवली. मामीला पंख्याखाली निजवलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिनं डोळे उघडले. गाडी त्या दिवशी धुतलेली नव्हती; मार्केटातली हळद इंजिनापर्यंत बसलेली. सलीमभाईंनी बॉनेट उघडलं, तर एसीच्या पाइपाच्या एकाच जोडावर पिवळा ओला थर. गॅसबरोबर तेल झिरपत होतं, त्यावर हळदीची पूड चिकटली होती.

"मामू, हर बार धो के लाते थे तुम! तेल का दागच धुल जाता था, मेरे को क्या दिखता?"

मामांनी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कुणावर? "मायला! म्हंजे मीच पुसून राहिलो होतो व्हय!"

जोडातलं रबर बदललं आणि गॅस टिकला. पुढच्या खेपेला मामी म्हणाली, "लय गार लागून राहिलं, बंद करा बरं."

"न्हाई करणार! शाल घे!"

मागच्या हिवाळ्यात बापूमामा शेतातच गेले. हार्ट अटॅक. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या मामांनी पिकअपची किल्ली उचलली. "वहिनीला थोडीच चालवता येते?" भरल्या घरात मामी तेवढी उठून आत गेली. आता धाकटे मामाच काचा लावून, एसी सोडून मार्केटला जातात. संताप संताप होतो माझा! मी फोन केला, "डायलिसिसच्या दिवशी तरी मामीला गाडीतून न्या."

"अगं, एसटी हाय की," ते म्हणाले. "बायांना तिकीटबी अर्धंच हाय."

आज मामीचा नांदेडचा दिवस आहे, आणि बाहेर ऊन मी म्हणतंय.